शीर पारखणारी शकूमावशी

शकूमावशी माणसाला भेटली की आधी त्याच्या तोंडाकडे बघत नसे, कोपराच्या आतल्या बाजूला बघे. अटलांटाजवळच्या अल्फारेटातल्या आमच्या मंडळाच्या गणपतीत बाकीच्या बायका एकमेकींच्या साड्या, बांगड्या आणि मुलांची कॉलेजं न्याहाळत असताना ही बाई आरतीचं ताट धरणाऱ्या हाताकडे टक लावून उभी असायची. कुणाची नवी सून पाया पडायला वाकली की आशीर्वादाच्या आधी तिचा हात धरून म्हणायची, "बाप्पा! काय सुंदर शीर आहे गं! आंधळ्यालाही सापडेल." सून नवऱ्याकडे बघायची, नवरा छताकडे. मग कुणीतरी पुढे होऊन सांगायचं, की मावशींनी पस्तीस वर्षं इथल्या हॉस्पिटलात रक्त काढायचं काम केलं, आणि 'सुंदर शीर' ह्याहून मोठी पदवी त्या कुणाला देत नाहीत.

मला ती पदवी मिळाली नाही. पहिल्या भेटीत तिनं माझ्या हातावर दोन बोटं टेकवली, जरा दाबून पाहिलं आणि म्हणाली, "पुण्याची शीर. आहे, पण दाखवणार नाही."

माझी बायको मृदुला नागपूरची, मावशीही नागपूरची. त्यामुळे ओळख झाल्यापासून अडीच मिनिटांत मावशी मृदुलाचं माहेर झाली आणि मी जावई. नावाचा जावई नव्हे, चांगला अहोजाहो करून टोमणे मारायचा जावई. "काहून हो जावई, आज ऑफिसला सुट्टी की ऑफिसनंच तुम्हाला सुट्टी दिली?" असा. वय सत्तरीच्या पुढे, उंची पाच फुटांच्या आत, पायात पांढरे नर्सचे बूट. ते साडीवरही आणि सलवार-कमीजवरही. गुडघे कुरकुर करायचे, पण ती त्यांचं ऐकून घेत नसे.

तिच्याशी माझा खरा संबंध आला तो नाकामुळे. माझ्याच.

आमच्या इथे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून काय काय मिळतं म्हणून सांगू! झाकणं न बसणारे डबे, सुगंधी मेणबत्त्या, आणि गेल्या वर्षी दुसऱ्या कुणाकडून आलेल्या त्याच सुगंधी मेणबत्त्या. त्या वर्षी मावशीनं वाण दिलं ते खणाच्या कापडाची एक एक पिशवी, आणि पिशवीत नाकात मारायचा छोटा फवारा. अफूच्या जातीची नशा जास्त होऊन ज्याचा श्वास थांबत आला आहे, त्याला परत श्वास घ्यायला लावणारं औषध. कसं द्यायचं तेही तिनं तिळगुळाचं ताट बाजूला सारून, एका उशीला आजारी पाडून दाखवलं. "घरात ठेवा. पर्समध्ये ठेवा. आपल्याकडे लागणार नाही असं सगळ्यांच्याच घरी म्हणतात," एवढंच म्हणाली. बायकांनी "हो का, हो का" करत पिशव्या घेतल्या. मृदुलानं घरी येऊन मला सगळं नीट सांगितलं. मी "हं" म्हणालो. लग्नाला अठरा वर्षं झाल्यावर ह्या "हं"चा अर्थ काय असतो ते वाचकांना ठाऊक आहे.

मार्चअखेर जॉर्जियात पाईनच्या झाडांचा पिवळा पराग सुटतो. गाडी पिवळी, अंगण पिवळं, आणि माझं नाक सिमेंट भरल्यासारखं. शनिवारी भल्या सकाळी चष्मा न लावता मी औषधांच्या खणात हात घातला, एक फवारा लागला, कागद फाडला, डाव्या नाकपुडीत घातला आणि दाबला. नाक काही सुटलं नाही. म्हणून कागद जवळ धरून वाचायला गेलो, तर मागे माझी लेक सई उभी. वय पंधरा. तिनं माझ्या हातातून कागद घेतला, वाचला आणि शांतपणे विचारलं, "बाबा, डिड यू जस्ट ओव्हरडोज ऑन द अँटी-ओव्हरडोज?"

मी मावशीला फोन लावला.

"मावशी, मी... मी वाण नाकात घातलं."

तिनं विचारलं, "श्वास घेऊन राहिले?"

"हो."

"मग पहिलेही घेऊनच राहिले होते. काही होत नाही. ज्याच्या अंगात ती नशा आहे त्यालाच ते उठवतं. तुम्ही उठलेलेच होते. म्हणजे, मृदुलाला विचारून सांगते." आणि मग जे हसणं सुरू झालं ते फोनमधून स्वयंपाकघरात ऐकू गेलं. हसून झाल्यावर म्हणाली, "पण एक जीव वाचवायचा फवारा तुम्ही सर्दीवर उडवला. पुढच्या शनिवारी सकाळी माझ्यासोबत यायचं. भरपाई."

अशा रीतीनं मी समाजकार्यात पडलो. माझ्या ओळखीतले लोक अजून समजतात की मला आतून हाक आली.

मावशीचं शनिवारचं काम म्हणजे एक गाडी. अटलांटाच्या दक्षिणेकडे एका चर्चच्या मागच्या पार्किंगमध्ये ती उभी राहायची. कुठल्याशा लायब्ररीनं मोडीत काढलेलं फिरतं वाचनालय होतं ते. पुस्तकं गेली, पाट्या राहिल्या. मावशीनं त्या काढू दिल्या नाहीत. 'आत्मचरित्र' ह्या कप्प्यात काविळीच्या आणि एचआयव्हीच्या रक्ततपासणीचं सामान. 'बालवाङ्मय'मध्ये बँडेजपट्ट्या आणि मलम. 'प्रवास'मध्ये पायमोजे. 'पुस्तके इथे परत करा' असं लिहिलेल्या फटीखाली वापरलेल्या सुया टाकायचा जाड डबा. आणि 'रहस्यकथा'मध्ये मावशीचे स्वतःचे स्टीलचे डबे, ज्यांत आज काय आहे ते ती उघडेपर्यंत कुणालाही कळत नसे. बहुतेक वेळा राजगिऱ्याचे लाडू.

सुईनं नशा करणारे लोक यायचे, वापरलेल्या सुया त्या फटीत टाकायचे, नव्या न्यायचे. कुणाची जखम चिघळली असेल तर मावशी धुऊन बांधायची. कुणाला रक्त तपासायचं असेल तर तपासायची. आणि कुणी म्हणालाच, की आता सोडायचं म्हणतो, तर तिथल्या तिथे क्लिनिकला फोन लावून द्यायची. पण म्हणायला लावायची नाही.

पहिल्याच शनिवारी मी माझी अक्कल पाजळली. "मावशी, म्हणजे आपण ह्यांना मदतच करतो की नशा करायला."

ती एकाच्या पायाची पट्टी बांधत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमची ती पॉलिसी आहे ना आयुर्विम्याची, तिची अट काय? माणूस उद्या शहाणा झाला पाहिजे अशी आहे का?"

"नाही."

"मग माझीपण नाही. आधी जिवंत, मग शहाणा. क्रम उलटा करून पाहिला लोकांनी. जमत नाही."

हे तिचं लाडकं वाक्य. पोलिसालाही तेच, पाद्रीबाबालाही तेच, आणि गाडी चालवताना मी पिवळा दिवा तोडला की मलाही तेच.

ते लोक तिला 'माऊशी' म्हणायचे. हाक मारायला तिनंच शिकवलं होतं. का शिकवलं विचारलं तर म्हणाली, "मॅडम म्हटलं की माणूस खोटं बोलते."

मला वाटायचं, एवढी जिवावर उदार होऊन ही बाई हे करते म्हणजे मागे काहीतरी असणार. कुणीतरी गेलेलं असणार. एकदा परत येताना गाडीत मी आवाज मऊ करून, दूरदर्शनवरच्या मुलाखतकारासारखा विचारता झालो, "मावशी, ह्या कामाकडे वळण्यामागे काही... दुःखद?"

"काहून हो? प्रत्येक चांगल्या कामामागे मढं लागते का?" ती म्हणाली. मग हायवेवरची माझी चुकलेली एक्झिट दाखवून म्हणाली, "पस्तीस वर्षं मी शिरा शोधल्या, जावई. हॉस्पिटलात हे लोक यायचे. एकेकाच्या हाताला शीर उरलेली नसायची. नर्सा वैतागायच्या. मले राग नाही यायचा. चांगल्या वस्तूचं असं वाटोळं झालेलं पाहवायचं नाही. बस. हेच कारण. तुम्हाला पाहिजे तर अजून एखादं बनवा."

त्या लोकांत एक होता डेल. पन्नाशीचा, लांबोडका, घरांची छपरं घालणारा. एका छपरावरून पडला, पाठीसाठी गोळ्या सुरू झाल्या, गोळ्या बंद झाल्या तेव्हा सुई सुरू झाली. हायवेच्या पुलाजवळ तंबूत तो आणि त्याची मैत्रीण राहायचे. सगळ्यांची टिंगल करणं हा त्याचा धर्म. माझ्या हातातल्या टॅबलेटवरून त्यानं माझं नाव 'प्रोफेसर' ठेवलं. डेलच्या हाताकडे मावशी पट्टी बांधण्यापुरतं बघे आणि नजर काढून घेई. त्याच्या शिरांबद्दल ती कधी एक शब्द बोलली नाही. मला वाटतं, त्यालाही ते कळत असावं.

आता टॅबलेट माझ्या हातात का होता, ते सांगायला हवं; कारण सगळी वाट मी तिथेच लावली.

गाडीला काउंटीनं, म्हणजे इथल्या जिल्ह्यानं, परवानगी दिली होती ती एका वर्षाची. नोव्हेंबरात कमिटी बसणार होती आणि त्यांचा प्रश्न एकच होता. गाडी आल्यापासून ह्या लोकांचं धोक्याचं वागणं बदललं का? दुसऱ्याची सुई वापरणं कमी झालं का? उत्तर 'नाही' असेल तर गाडी बंद. आणि गाडी बंद म्हणजे डेलसारख्याला नवी सुई मिळायची पुढची जागा दोन बस बदलून. पाठीचं दुखणं घेऊन, नशा उतरत असताना दोन बस कुणी बदलत नाही. जवळ पडलेली उचलतो.

मी ऑफिसात सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो. दुसऱ्यानं केलेल्या चुका शोधायच्या, ह्याचा मला पगार मिळतो. मी म्हटलं, "मावशी, कमिटीचं माझ्यावर सोडा. आपण मोजू या." बावीस प्रश्नांचा फॉर्म बनवला. इस्त्रीची खाकी पँट घातली. एप्रिलातल्या एका शनिवारी, रांगेच्या तोंडाशी उभा राहून, येणाऱ्या प्रत्येकाला मोठ्यानं विचारायला लागलो, "गेल्या तीस दिवसांत आपण दुसऱ्याने वापरलेली सुई किती वेळा वापरलीत?"

मागे वीस माणसं ऐकत उभी.

"एकदाही नाही," डेल म्हणाला. "आणि प्रोफेसर, मी रोज दोनदा दातही घासतो. तेही लिहा."

सगळ्यांनी हेच सांगितलं. एकाहून एक संत. मी खूश. मावशीनं टॅबलेट हातात घेऊन पाहिला. "बाप्पा, हे तर आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीपेक्षा स्वच्छ निघाले."

"नाही, पण आकडे आहेत ना, मावशी."

"तुम्ही पुण्याचे लोक," ती म्हणाली, "बेल वाजली की दार उघडत नाही. आतूनच विचारता, काय काम आहे? मग बाहेरचा काय सांगणार? काही नाही म्हणतो अन् जातो. आधी बसवा. पाणी द्या. विचारायची गरजच पडत नाही, माणूस स्वतःच सांगते."

मी हसलो आणि दुर्लक्ष केलं. उलट पुढचं पाऊल टाकलं. दुसरी पाहणी ऑक्टोबरात होईल, दोन्हींचा आलेख आपोआप तयार होईल आणि एक नोव्हेंबरला सकाळी नऊ वाजता आपोआप कमिटीला जाईल, असं सगळं लावून ठेवलं. आपोआप ह्या शब्दावर माझी फार श्रद्धा होती.

मे महिन्यात डेल एका शनिवारी काहीच थट्टा न करता आला. मावशीनं त्याला बसवलं. पाणी दिलं. दोन लाडू दिले. दुसरा लाडू अर्धा झाल्यावर तो बोलायला लागला. त्याच्या मैत्रिणीला काविळीची लागण निघाली होती. ती, रक्तातून पसरणारी. "आम्ही आपापल्या वेगळ्या ठेवायचो, माऊशी. खरंच. ती उजव्या बाजूला, मी डाव्या. पण दिसायला सगळ्या सारख्या. अंग थरथरत असतं तेव्हा डावं-उजवं कुणाला कळतं?"

मावशी उठली. तिनं 'रहस्यकथा'मधून लाडवांचा डबा काढला आणि त्याच्यासमोर उलटा केला. बुडाशी, बारीक ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं: सौ. शकुंतला, नागपूर.

"हे काय आहे?" डेलनं विचारलं.

"माझं नाव. आमच्याकडे सगळ्यांच्या घरी सारखीच भांडी. वाटी शेजारी जाते, लग्नात परात जाते, डबा ऑफिसात जातो. मग आपलं कुठलं कसं कळावं? म्हणून दुकानदार सुईनं नाव घालून देतो. आपापलं परत आपापल्या घरी येते. भांडण नाही, घोळ नाही."

पुढच्या शनिवारी तिनं त्याच डब्यातून नेलपॉलिशच्या बाटल्या काढल्या. वीसएक रंग. ज्यानं त्यानं आपला रंग निवडायचा, आपल्या सुयांच्या मागच्या टोकाला ठिपका द्यायचा. नाव नको, रंग पुरे. रांगेत अशी काही मजा उसळली की चर्चमधून पाद्रीबाबा बघायला आले. दाराएवढा एक माणूस चमचमता गुलाबी धरून बसला, सोडेना. डेलनं जांभळा घेतला. मैत्रिणीला हिरवा नेला. पोपटी नको म्हणाली, तर परत येऊन गडद नेला. घरातली खरेदी अशीच असते.

मी म्हटलं, "मावशी, हे कुठल्या अभ्यासात आहे का?"

"माझ्या स्वयंपाकघरात आहे," ती म्हणाली, आणि मला बाटल्या उघडायला बसवलं. पहिलीच लाल बाटली माझ्या इस्त्रीच्या खाकी पँटवर उपडी झाली. ती पँट गेली आणि त्या पँटीबरोबर माझा रुबाबही. त्या दिवसापासून लोक माझ्याशी बोलायला लागले. नेलपॉलिश लागलेल्या माणसाला कोण घाबरणार?

उन्हाळाभर मी स्टुलावर बसून त्यांचं ऐकत होतो. कोण आता एकटा असताना घेत नाही, आधी कुणालातरी फोन करून ठेवतो. कोणाच्या खिशात वाणाचा फवारा आहे आणि त्यानं तो कुणासाठी वापरला. (सर्दीसाठी नव्हे, असं ते मला मुद्दाम सांगत. माझी गोष्ट मावशीनं आधीच सगळ्यांत वाटली होती, लाडवांसारखी.) आणि 'परत करा'च्या फटीखालच्या डब्यात, अर्धपारदर्शक भिंतीतून, रंग दिसायला लागले. आधी एखादा. मग जांभळे, हिरवे, केशरी. मी ते बघत होतो. पण ते माझ्या फॉर्मवर नव्हतं, म्हणून मला दिसत नव्हतं.

ऑक्टोबरात दुसरी पाहणी केली. ह्या वेळी कोपऱ्यात, स्टुलावर, एकेकाशी.

"दोनदा," डेल म्हणाला. "जुलैत. माझ्या संपल्या होत्या, शनिवारला तीन दिवस होते. दोन्ही वेळा मला माहीत होतं की चूक करतोय."

मी 'दोन' लिहिलं. बऱ्याच जणांनी एक, दोन, तीन असं सांगितलं. मी लिहीत गेलो.

एक नोव्हेंबरला सकाळी नऊ वाजता मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होतो. नऊ वाजून सात मिनिटांनी कमिटीच्या अध्यक्षबाईंची मेल आली. 'अहवाल मिळाला. चिंताजनक आहे.' मी आलेख उघडला. एप्रिलात शून्याला टेकलेली रेघ ऑक्टोबरात चढणीला लागली होती. वर ठळक अक्षरांत, मीच लिहिलेलं शीर्षक: 'गाडी सुरू झाल्यापासून धोक्याच्या वागण्यातील बदल'. म्हणजे अर्थ असा, की सुरुवातीला ही सगळी गुणी बाळं होती आणि मावशीच्या गाडीनं त्यांना बिघडवलं. मीटिंगमध्ये कुणीतरी मला काही विचारलं. मी "हं" म्हणालो.

जेवणाच्या सुट्टीत मी मावशीच्या घरी गेलो. ती पोह्यांना फोडणी देत होती. मी सगळं सांगितलं. फोडणी जळाली. मावशीची फोडणी जळालेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

तिनं गॅस बंद केला. कढई सिंकमध्ये ठेवली. मग म्हणाली, "छान."

"छान? मावशी, गाडी बंद होईल."

"होऊ शकते," ती म्हणाली. "पण छान. आता ते खरं सांगून राहिले. एप्रिलात तुम्ही त्यांना कोण होते? हातात पाटी घेतलेला इन्कम टॅक्सवाला."

"पण हे कमिटीला कोण समजावणार?"

"ज्यानं पाठवलं तो. टेस्टिंगवाले ना तुम्ही? मग सांगा, बग कुठे होता."

कमिटीची बैठक मंगळवारी दुपारी होती. अध्यक्षबाईंचा चष्मा गळ्यातल्या साखळीला अडकवलेला. त्या तो लावायच्या, कागद बघायच्या, काढायच्या, मला बघायच्या. मी उभा राहिलो. तीन वाक्यं पाठ करून आणली होती. पण घाबरलो की मी फार मागून सुरुवात करतो. मी नाकापासून सुरुवात केली. पाईनचा पराग, खण, फवारा, सगळं. कमिटीतले दोघे खाली बघून हसत होते. तिथून कसाबसा खाकी पँटीपर्यंत पोचलो आणि म्हणालो, "एप्रिलचे आकडे खोटे आहेत. लोक खोटं बोलले, कारण मी चारचौघांत, त्यांना न ओळखता, पोलिसासारखं विचारलं. ती चूक त्यांची नाही, माझी आहे. गाडीची तर नाहीच."

अध्यक्षबाईंनी चष्मा लावला. "एप्रिलमध्ये ते खोटं बोलले असं तुम्ही म्हणता. मग ऑक्टोबरमध्ये खरं बोलले हे कशावरून? आणि आधीपेक्षा बरं झालं हे कशावरून?"

माझ्या बावीस प्रश्नांच्या फॉर्ममध्ये मी ह्या दोन प्रश्नांचं उत्तर शोधायला लागलो. मी मावशीकडे पाहिलं. मावशी मांडीवरचा डबा दोन्ही हातांनी धरून बसली होती.

मागच्या रांगेत खुर्ची सरकली. डेल. दाढी केलेली, गळ्यात कुणाचा तरी टाय. मला तो ओळखूच आला नव्हता.

"मॅडम, ह्या प्रोफेसरला मी एप्रिलमध्ये खोटं सांगितलं," तो म्हणाला. "खरं सांगायचं ठरवलं असतं तरी जमलं नसतं. तुम्ही काल किती वेळा पापण्या मिटल्यात ते सांगता येईल तुम्हाला? तसं होतं ते. कोणाची सुई, कितव्यांदा, कोण मोजतं? ऑक्टोबरमध्ये मी 'दोनदा' म्हणालो. ते दोन्ही दिवस मला आठवतात. कुठे बसलो होतो ते आठवतं. कारण त्या सुयांवर माझा रंग नव्हता." त्यानं हात वर केला. अंगठ्याचं नख जांभळं होतं. "माझी मैत्रीण आता त्या काविळीचं औषध घेते. मला अजून लागण नाही. मी ह्या गाडीवर तीन वेळा रक्त तपासून घेतलंय."

मावशी उठली, पुढे गेली, तिनं डबा टेबलावर ठेवून उघडला आणि बाटल्या एकेक करून मांडल्या. "हे ब्युटी पार्लर नाही," ती आपल्या नागपुरी इंग्रजीत म्हणाली, आणि डबा उलटा करून नाव दाखवलं. वाटीची, परातीची, शेजारणीची सगळी गोष्ट सांगितली. कमिटीतली सातही माणसं वाकून डब्याचं बूड बघत होती.

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. एक बाटली उचलली, उजेडात धरली. "आणि हे रंग परत येतात?"

"दर शनिवारी. डब्यात दिसतात. ह्यांच्या फॉर्ममध्ये नाही," माझ्याकडे बोट. "पण दिसतात."

परवानगी वाढवून मिळाली, आणि ह्या वेळी एकाच वर्षाची नव्हे, तीन वर्षांची. शिवाय एक अट: पाहणीचे प्रश्न ह्यापुढे गाडीवर येणाऱ्या लोकांनी स्वतः बनवावेत. म्हणजे मी नाही, हे त्यांनी फार सभ्य भाषेत लिहिलं होतं. लिफ्टमध्ये मावशी माझ्या दंडावर थाप मारून म्हणाली, "बरं बोललात जावई. नाक सोडून."

पुढच्या वसंतात तिचे गुडघे शेवटी जिंकले. तिची लेक दूर उत्तरेकडच्या स्टेट कॉलेज नावाच्या गावी युनिव्हर्सिटीत शिकवते, तिच्याकडे राहायला जायचं ठरलं. "तिकडे इंडियन दुकान धड नाही म्हणे. हळद इथूनच नेते," एवढीच तिची तक्रार. शेवटच्या शनिवारी लेक गाडी घेऊन थेट चर्चच्या पार्किंगमध्येच आली, कारण मावशी घरून निघायला तयार नव्हती. पाईनचा पराग पुन्हा सुटला होता. सगळं पिवळं. मी शिंकत होतो आणि लोक मला फवारे देऊ करत होते.

डेल आता रोज क्लिनिकला जाऊन नशा सोडायचं औषध घेत होता. "अधूनमधून घसरतो, माऊशी," हे तो स्वतःच सांगायचा, न विचारता. त्या दिवशी त्यानं पाण्याची नवी स्टीलची बाटली आणली आणि तिच्यापुढे ठेवली. "माझं नाव घाल. तुझ्या अक्षरात."

मावशीनं पर्समधून नाव कोरायचं छोटं यंत्र काढलं. ते तिनं मागवून घेतलं होतं, म्हणजे तिलाही हे अपेक्षित असणार. यंत्र गुरगुरायला लागलं. स्टुलावर बसून, बाटली मांडीत धरून, जीभ ओठांत दाबून तिनं ठिपक्याठिपक्यांनी 'डेल' लिहिलं. देवनागरीत.

"हे कुणाला वाचता येणार?" तो म्हणाला.

"ज्याचं आहे त्याला कळलं की झालं."

बाटली द्यायला तिनं त्याचा डावा हात पुढे ओढला आणि ती थांबली. हात उलटा केला. मनगटाच्या वर, तळहाताच्या मागच्या बाजूला दोन बोटं टेकवली. दाबली, सोडली, पुन्हा दाबली. डेल घाबरला. "काय झालं, माऊशी?"

"बाप्पा," ती मराठीतच म्हणाली, "काय सुंदर शीर आहे रे."

डेलनं माझ्याकडे पाहिलं. "प्रोफेसर, काय म्हणाली ती?"

मी भाषांतर केलं. जगातल्या प्रत्येक गोष्टीची टिंगल करणारा तो माणूस हात उन्हात धरून, एकदा ह्या बाजूनं, एकदा त्या बाजूनं बघत उभा राहिला.

लेकीनं हॉर्न दिला. मावशी पांढरे बूट सावरत गाडीत बसली, काच खाली केली. आम्ही सगळे हात हलवत होतो. गुलाबी नखं, केशरी नखं, एक जांभळा अंगठा, आणि एक माझा हात, शीर न दाखवणारा. गाडी चर्चच्या कोपऱ्यावर वळेपर्यंत मावशी मान बाहेर काढून आमच्याकडे बघत होती. तोंडांकडे नव्हे. हातांकडे.